चिमीचं पोट खरंच दुखतंय

पत्र:

ताई, नमस्कार. जूनमध्ये आम्ही इचलकरंजी सोडून पिंपरीला आलो. मिस्टरांना इथे कंपनीत काम लागलं. सासूबाई गावीच राहिल्या. मुलगी ८ वर्षांची, तिसरीत आहे. घरी तिला चिमी म्हणतो. तिकडे मराठी शाळेत होती, इथे इंग्रजी माध्यमात घातलं. पूर्वी दिवसभर चित्रं काढायची, जुन्या बिलांच्या पाठकोऱ्या कागदांवर, फरशीवर, कुठेही. कला वाया जाऊ नये म्हणून इथे शनिवारचा चित्रकलेचा क्लास लावला. ऑगस्टमध्ये स्पर्धेला बसवलं, नंबर आला नाही. तेव्हापासून कागद घेते, दोन रेघा मारते आणि फाडून टाकते. ‘मला येत नाही’ म्हणते. रोज सकाळी तिचं पोट दुखतं, रविवारी कधीच नाही. वहीत ‘केअरलेस’ असा शेरा येतो. डिक्टेशनमध्ये ४७ सांगितले की ७४ लिहिते. एकदा वर्गात मराठीत बोलली म्हणून उभं केलं. मिस्टर म्हणतात, आजीने लाडावून ठेवलीय, नाटकं करते. एकाग्रता वाढावी म्हणून अबॅकस लावू का? की इथे येऊनच आमचं चुकलं?

उत्तर:

प्रिय चिमीच्या आई,

तुमचे प्रश्न शेवटी आहेत, पण मी सुरुवात पोटापासून करते. घरात रोज सकाळी सगळ्यात जास्त वाद त्यावरूनच होत असणार.

चिमीचं पोट खरंच दुखतंय. धास्ती घेतली की आतड्यांची हालचाल बदलते, ती आवळून येतात, आणि एरवी जाणवलंही नसतं ते दुखायला लागतं. मेंदू आणि पोट मज्जातंतूंनी सतत एकमेकांशी जोडलेले असतात. डॉक्टरांच्या तपासणीत काही सापडलं नाही तरी पोरगी खोटं बोलतेय असा त्याचा अर्थ होत नाही. रविवारी दुखत नाही, हे मिस्टरांना नाटकाचा पुरावा वाटतंय. मला त्यातून एवढंच दिसतं की रविवारी शाळेची धास्ती नसते.

तरी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. वजन घटतंय, शौचात रक्त पडतंय, ताप येतोय, वारंवार उलट्या होताहेत किंवा रात्री झोपेतून दुखून जाग येतेय, यातलं काहीही असेल तर थांबू नका. आणि एक साधी गोष्ट विचारा, जी बहुतेक घरांत विचारायची राहून जाते: शाळेत ती बाथरूमला जाते का? नव्या शाळेत कित्येक मुली दिवसभर जात नाहीत. स्वच्छता नसते, कडी लागत नाही, ‘मे आय गो’ विचारायची लाज वाटते. मग त्या पाणीच पीत नाहीत. त्यातून मलावरोध होतो आणि सकाळी पोटात कळा येतात. डबा आणि बाटली घरी परत येते तेव्हा बाटलीत किती पाणी उरलंय ते आठवडाभर बघा. सकाळी अर्धा तास लवकर उठवून, कोमट पाणी देऊन, घाई न करता तिला शौचाला बसू द्या.

याच विषयात आणखी एक गोष्ट, आणि ती टाळू नका. व्हॅनमध्ये, बाथरूमपाशी, क्लासमध्ये कुणी तिला त्रास देतंय का, कुणी नको तसा हात लावतंय का, हे तिला निवांतपणे, एकटीला, साध्या शब्दांत विचारा. तसं काही सांगितलं तर लगेच विश्वास ठेवा. ‘तू तेव्हाच का नाही सांगितलंस’ हे तोंडातून जाऊ देऊ नका. बालकांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते. तुमच्या पत्रावरून तसं काही दिसत नाही, पण विचारलं नाही तर कळत नाही.

पोट दुखतंय म्हणून तिला घरी ठेवू नका. हे कठोर वाटेल, पण घरी राहिल्यावर दुपारपर्यंत बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी शाळेची भीती दुप्पट होते. ‘काही होत नाही, चल’ आणि ‘बरं, राहू दे आज’ या दोन्हींच्या मधला रस्ता धरा. जवळ बसा, पोटावर हात फिरवा आणि म्हणा, ‘दुखतंय ना, मला माहितेय. आपण हळूहळू तयार होऊ. शाळेत गेल्यावर थोड्या वेळाने कमी होतं, तेही तुला माहितेय.’ तिचं दुखणं मान्य करायचं आणि शाळेतही पाठवायचं. आधी आठ-दहा दिवस याने काही बदलल्यासारखं वाटणार नाही. तरी करत राहा.

आता ४७ आणि ७४. हा शेरा वाचून मला वाईट वाटलं, कारण चिमी तिथे डोकं लावतेय आणि तिला निष्काळजी म्हटलं जातंय. मराठीत आपण ‘सत्तेचाळीस’ म्हणतो. आधी सात ऐकू येतात, मग चाळीस. दोन वर्षं तिने कानाने हाच नियम पक्का केला की आधी ऐकू येतो तो अंक एककाच्या घरात जातो. आता ‘फोर्टी सेव्हन’ म्हटलं की चार आधी ऐकू येतात. ती नियमाप्रमाणे चार एककात टाकते आणि ७४ होतात. हातच्याची बेरीज तिला येत असेल, पण बाईंनी ‘कॅरी ओव्हर’ म्हटलं की तेच गणित नवं आणि परकं वाटत असेल. रोज रात्री दहा मिनिटं दोघींनी खेळ करा: तुम्ही मराठीत संख्या सांगायची, तिने तीच इंग्रजीत म्हणून लिहायची, मग उलटं. चुकली तर खोडायचं नाही, फक्त पुन्हा हळू म्हणायचं. साधारण महिनाभरात फरक दिसेल.

शाळा तुम्हाला ‘घरी इंग्रजीत बोला’ असं सांगेल, बहुधा सांगितलंही असेल. ते करू नका. नवी भाषा शिकताना मुलं काही महिने नुसती ऐकत असतात, बोलत नाहीत, हे नेहमीचं आहे. त्या काळात घरची भाषाही काढून घेतली तर मुलाला मनातलं सांगायला जागाच उरत नाही. चिमीला भीती वाटते, आजीची आठवण येते, वर्गात उभं राहिल्यावर कान गरम झाले, हे ती आज फक्त मराठीत सांगू शकते. तीच भाषा घरात भरभरून असू द्या. रात्री गोष्ट वाचून दाखवा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात; मोबाइलवरून वाचून दाखवलंत तरी चालेल. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत, शक्य असेल तिथे, मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. शाळा बदला असं मी म्हणत नाही. तो निर्णय पैसे, अंतर, पुढचं शिक्षण हे सगळं बघून घ्यायचा असतो आणि वर्षाच्या मध्यावर आणखी एक बदल तिला झेपणारही नाही. पण घरातली मराठी तिच्या अभ्यासाला आडवी येतेय या समजुतीतून बाहेर या. उलट मराठीच्याच आधाराने ती इंग्रजी शिकणार आहे.

आणि आता चित्रं. खरं तर तुमच्या पत्रातलं मला सर्वांत जास्त टोचलं ते हे.

इचलकरंजीत चिमीला चित्र काढ असं कुणी सांगत नव्हतं. कुणी बघतही नव्हतं, म्हणजे बघितलं तर आजी ‘छान हो’ म्हणून पुन्हा भाकऱ्या थापत असेल. तिथे चित्र हा तिचा दिवस सांगायचा मार्ग होता. या वयाची मुलं घर काढतात तेव्हा भिंतीतून आतलं सगळं दिसतं. पलंग, पंखा, देव्हारा, पलंगाखालची मांजर. मोठ्या माणसाला ते चुकीचं वाटतं, पण मूल डोळ्याला दिसतं ते काढतच नसतं, त्याला जे माहीत आहे आणि जे महत्त्वाचं वाटतं ते काढत असतं. ज्याचा राग आला तो छोटा होतो, जी आवडते ती आजी घराएवढी होते. एवढं सगळं पोरीच्या मनातून कागदावर उतरत होतं.

मग क्लास आला. क्लासमध्ये बहुधा दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी असं फळ्यावर काढून देतात आणि मुलं उतरवून घेतात. रंग रेषेबाहेर गेला की खोडरबर. त्यानंतर स्पर्धा, नंबर, प्रमाणपत्र. तुम्ही हे प्रेमाने केलंत, त्यात शंका नाही. पण चिमीपुरतं झालं असं की जी एक गोष्ट तिची स्वतःची होती, तीही मोठ्यांच्या ताब्यात गेली आणि तिथेही ती नापास झाली. त्यात हे वयही नाजूक आहे. आठ-नऊ वर्षांचं झालं की मुलाची नजर हाताच्या पुढे धावते. घोडा कसा दिसतो ते तिला कळतं, हाताला तो जमत नाही, आणि तिचं तिलाच ते दिसतं. पुष्कळ मुलं याच वयात चित्र कायमचं सोडतात. म्हणून या वर्षी तिच्यावर नंबराचं ओझं नको होतं.

बक्षिसाने काय होतं याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडतं, अशीच मुलं त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी ते दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी खेळाच्या वेळात स्केचपेन नुसते टेबलावर ठेवले. ज्यांना बक्षीस कबूल करून चित्र काढायला लावलं होतं, त्या मुलांनी बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढली. आवड तीच, मुलं तीच, पण चित्र आता कशासाठी तरी काढायची गोष्ट झाली होती. त्या मुलांना बक्षीस मिळालेलं होतं. चिमीला तर तेही मिळालं नाही.

तर शनिवारचा क्लास बंद करा. ‘नंबर आला नाही म्हणून’ किंवा ‘तू काढत नाहीस म्हणून’ असं सांगून नव्हे. ‘शनिवारी तुझा तुला वेळ असावा असं मला वाटतं’ एवढंच सांगा. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांची काळजी मनात असेल, दहावीला त्याचे गुण मिळतात म्हणून, तर त्या परीक्षा मुलं साधारण आठवी-नववीच्या सुमारास देतात. तिसरीतल्या पोरीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

घरात एक कोपरा ठरवा, खिडकीजवळची फरशी चालेल. तिथे पाठकोरे कागद (नवी ड्रॉइंगची वही आणू नका, कोऱ्या वहीत चुकायची भीती वाटते), खडू, तेलखडू, जुनी वर्तमानपत्रं, डिंक एवढं टोपलीत ठेवून द्या आणि त्याबद्दल काही बोलू नका. तुम्ही जवळपास तुमचं काम करत बसा. मेथी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. तिने काही काढलं तर ‘हे काय आहे?’ असं विचारू नका, ‘किती सुंदर!’ असंही नको. ‘इथे तू खूप निळा वापरलायस’ असं जे दिसतं ते म्हणा आणि थांबा. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल. फोटो काढून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा मोह अजिबात नको. फाडलं तर फाडू द्या. कचऱ्यातून काढून चिकटवून ‘बघ किती छान होतं’ असं करू नका. तिचा निर्णय होता तो.

कागद अजून नकोच म्हणत असेल तर माती आणा. तुमच्याकडे बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, मातीचे बैल करतात. या वर्षी त्या सुमारास तुमची बांधाबांध चालली असणार, तिचे बैल राहिले असतील. शाडू कुंडीवाल्यांकडे, मूर्तिकारांकडे मिळतो. मातीत रेघ चुकत नाही, बिघडलं की गोळा करून परत सुरू करता येतं, आणि चिडलेल्या हातांना आपटायला, मळायला, चिमटे काढायला काहीतरी मिळतं. शिंगं एक मोठं एक लहान झालं तरी बैल बैलच राहतो. वर्तमानपत्र पसरा आणि फरशी घाण होईल हे धरून चाला.

ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला, आता ते पालघरमध्ये येतं, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर होत्या आणि पुढे दोघी कोसबाडला गेल्या. वाडीवस्तीवरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. विकत आणलेल्या साधनांऐवजी शंख-शिंपले, पानं, बिया, खडे घेऊन मोजायला, जुळवायला, मांडायला शिकवलं. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची हे आपल्याकडे ऐंशी वर्षांपूर्वी करून दाखवलेलं आहे. चिमी आज जिथे आहे तिथे तिचं मन अर्धं इचलकरंजीत आहे. सुरुवात तिथूनच करावी लागेल.

म्हणजे आजीपासून. तुमच्या पत्रात सासूबाईंबद्दल एकच वाक्य आहे, आणि मला वाटतं चिमीच्या दुःखाचा मोठा भाग त्या वाक्यात आहे. आठ वर्षं जिच्या कुशीत झोपली ती आजी एका दिवसात फोनमधली झाली. चिमीसमोर ‘आता विसर तिकडचं’ किंवा ‘इथे किती छान आहे बघ’ असं बोललं जात असेल तर थांबवा. ‘मलाही करमत नाही गं कधी कधी’ असं तुम्ही म्हणालात तर ती तुमच्यापाशी रडेल. रडू द्या. आजीकडे कधी जायचं ती तारीख नक्की करून भिंतीवरच्या कालनिर्णयवर तिच्याच हाताने खूण करायला लावा. ‘सुट्टीत जाऊ’ असं मोघम बोलणं मुलांना धीर देत नाही. आजीला फोन रोज ठरलेल्या वेळी होऊ दे, आणि त्या फोनवर ‘अभ्यास करतेस ना?’ हे विचारू नका असं सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. भाजी काय केली, शेजारची मांजर व्याली का, हे बोलू दे त्यांना.

शाळेतून आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ हा प्रश्न बंद. त्याला ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. आधी तुम्ही तुमचं सांगा: आज रिक्षावाल्याने फार लांबून नेलं, मला रागच आला. दोन-चार दिवस तुम्हीच बोलाल. मग एखाद्या दिवशी दप्तर ठेवता ठेवता ती तिचं काहीतरी बोलून जाईल. तेव्हा उपाय सांगायची घाई करू नका. ‘मग तुला कसं झालं?’ एवढं विचारलंत तरी पुष्कळ.

शाळेत जाऊन बोलायला हवं. भांडायला नको, वर्गशिक्षिकेची वेळ मागून जा आणि शक्यतो दोघंही जा. आकड्यांची उलटापालट का होते ते त्यांना मी वर लिहिलंय तसं समजावून सांगा. पुष्कळ शिक्षकांच्या हे खरोखर लक्षात आलेलं नसतं, आणि कळल्यावर त्या शेरा देणं थांबवतात. तीन गोष्टी मागा: तिला मराठी बोलणाऱ्या एखाद्या मुलीशेजारी बसवा, बाथरूमसाठी नुसता हात वर केला तरी जाऊ द्या, आणि काही दिवस तोंडी उत्तर मराठीत दिलं तरी ऐकून घ्या. मराठीत बोलली म्हणून उभं केलं, हे मात्र स्पष्टपणे काढा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यावर बंदी घातली आहे, आणि कलम २९मध्ये मुलाला भीती आणि ताणापासून मुक्त ठेवून शिकवावं असं लिहिलंय. कायदा आवाज न चढवता सांगता येतो. तोंडी ऐकलं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. गृहपाठाचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या २०२०च्या शालेय दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास असं सांगितलंय. तिला रोज दोन तास बसवत असाल, तर तेही थांबवा.

मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या. त्यांनाही नव्या जागी जम बसवायचाय, घरी आलं की सकाळची रडारड ऐकू येते, त्यांचा वैताग मला समजतो. त्यांना समजावत बसण्यापेक्षा एक काम त्यांच्याकडे द्या: आठवड्यातून दोन-तीनदा संध्याकाळी चिमीला घेऊन चालायला जायचं. दुकानापर्यंत, बागेपर्यंत, कुठेही. शाळेचा विषय काढायचा नाही, इंग्रजी पाट्या वाचायला लावायच्या नाहीत. ‘नाटकं करते’ हे वाक्य तिच्या कानावर पडतंय, ते आधी थांबलं पाहिजे. खरं बोलून कुणी विश्वास ठेवत नाही असं मुलाला एकदा पटलं की पुढच्या मोठ्या गोष्टीही ते सांगत नाही.

इथे येऊन चुकलं का, असं तुम्ही विचारलंय. नाही चुकलं. पोटापाण्यासाठी घर हलवावं लागतं, आणि हललेल्या घरातली मुलं सावरतात, मोठी माणसं सोबत असली तर. तुम्ही स्वतः कुणाशी बोलता का, याची मला काळजी वाटते. सोसायटीतली एखादी बाई, माहेरची बहीण, कुणीतरी हवं.

हे सगळं सहा आठवडे करून बघा. त्यानंतरही पोट तसंच असेल, किंवा मध्येच ती अंथरूण ओलं करायला लागली, जेवण तुटलं, झोप उडाली, शाळेत एक शब्दही बोलेनाशी झाली, तर बालमानसतज्ज्ञांकडे जा. ‘मी नकोच आहे’ असं काही बोलली तर सहा आठवडे थांबू नका, त्याच दिवशी फोन करा. टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. अक्षरं वाचायला, लिहायला तिला मराठीतही अडचण येत असेल तर तपासणी जरूर करा, आधी डोळे आणि कान, मग गरज वाटल्यास अध्ययन अक्षमतेची. पण मराठी ती सरळ वाचत असेल तर त्या शंकेने झोप घालवू नका.

आणि अबॅकस? या वर्षी नको. एकाग्रता तिच्याकडे आहे. तासन्‌तास चित्रं काढणारी पोरगी ती. आत्ता तिचं लक्ष सकाळी पोट दुखेल का, बाई उभं करतील का, याकडे लागलेलं असतं. ते मोकळं झालं की अभ्यासाकडे वळेल. क्लासच्या फीचे पैसे इचलकरंजीच्या तिकिटांना ठेवा, आणि सासूबाईंना चार-आठ दिवस इकडे राहायला आणता आलं तर दिवाळीच्या आधीच आणा.

तुमची,
ताई